परतलेला भेक आणि वळवलेले पाणी

मा. संपादक,

टांझानियातला किहान्सी तुषार-भेक (भेक म्हणजे बेडकाचा भाऊबंद, इंग्रजीत टोड) ‘नामशेष होऊन परतला’ असे कौतुकाने लिहिले जाते. परतला म्हणजे आणून सोडला. तिथे त्याचे बस्तान बसले का, हा प्रश्न वेगळा.

उड्झुंग्वा डोंगरातल्या किहान्सीच्या घळीत धबधब्याच्या तुषारांनी सतत भिजणारी जेमतेम दोन हेक्टर हिरवळ, एवढेच त्याचे जग. रंग पिवळा, मोठी मादीही तीन सेंटिमीटरच्या आत. हा पाण्यात अंडी घालत नाही. बेडूकमाशाची अवस्था आईच्या पोटातच उरकते आणि तांदळाच्या दाण्याएवढे पूर्ण घडलेले पिल्लू बाहेर येते. संशोधकांना तो १९९६ मध्ये दिसला, तेव्हा १८० मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरूही झाले होते. पुढे सुमारे नव्वद टक्के पाणी बोगद्यात वळले आणि तुषार थांबले.

उपाय म्हणून २००१ च्या सुमारास नळ टाकून फवारे बसवले. जमीन ओली राहिली, पण कोसळत्या पाण्याचा वारा कुठल्या नळातून आणणार? संख्या सावरली, तरी २००३ मध्ये फवारे बिघडले, गाळ काढण्यासाठी धरणाचे दरवाजे उघडले गेले आणि बेडकांच्या कातडीला जीवघेणा रोग जडवणारी काइट्रिड बुरशीही आढळली. काही महिन्यांत सारे आटोपले. नेमके कशाने, यावर अजून वाद आहे. तीनही गोष्टी एकदम घडल्यावर तो मिटायचाही नाही.

वाचले ते २००० मध्ये अमेरिकेत नेलेल्या ४९९ भेकांमुळे. ब्राँक्स आणि टोलिडोच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांचा वंश टिकला, तोही सहज नव्हे. संख्या शंभराच्या खाली घसरली होती. तोंडच इवलेसे, म्हणून खाद्यही नुकती जन्मलेली रातकिड्यांची पिल्ले अन् फळमाश्या, वर जीवनसत्त्वाची पूड. २०१२ पासून भेक घळीत सोडले जात आहेत. पाणी मात्र अजूनही वळवलेलेच आहे.

काइट्रिडची नोंद सह्याद्रीतही आहे. आंबोलीत तर फक्त तिथलाच म्हणावा असा, २००९ मध्ये नव्याने वर्णन झालेला भेक कातळावरच्या डबक्यांत अंडी घालतो. ही बुरशी पसरू नये म्हणून पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांवर फिरणाऱ्यांनी बुटांचा चिखल आधी ब्रशने खरवडावा, कारण चिखलाखाली जंतुनाशक पोचत नाही. मग बूट जंतुनाशकात बुडवून कडकडीत वाळवावेत. हे धुणे ओढ्याकाठी मात्र नको. ते पाणी बेडकांनाच मारते. ओले बूट डिकीत टाकून त्याच दिवशी दुसरा धबधबा गाठला, की बुरशीची आयती सोय होते.

– एक वाचक, सावंतवाडी