नव्ह-शापेलच्या भिंतीवरची नावे गावी आणा

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

पत्र फ्रान्समधल्या एका खेड्याबद्दल आहे. ते आपल्या खात्याकडे कशाला, असे वाटेल. पुढे वाचलेत तर कळेल.

खेड्याचे नाव नव्ह-शापेल. 'नव्ह' म्हणजे नवे (आपल्याच शब्दाचा लांबचा भाऊ) आणि 'शापेल' म्हणजे छोटे देऊळ. उत्तर फ्रान्सच्या पा-द-काले जिल्ह्यात, बेथ्यून शहराच्या ईशान्येला, हजार-दीड हजार वस्तीचे गाव. लाल विटांची घरे, बटाट्याची आणि साखरबिटाची शेते, शेताच्या कडेने चर. मुलगी नोकरीनिमित्त लिलला असते, म्हणून मला ते पाहायला मिळाले. गाव बघायला म्हणून तिथे कुणी जात नाही.

तिथली जमीन मात्र बघण्यासारखी आहे. मी भातशेतीच्या मुलखातला, चिखल मला नवा नाही. पण तिथे बुटाला लागलेली माती चार पावलांत शेरभर होते. लिस नदीच्या खोऱ्यातली ही चिकणमाती, आणि दोन-तीन फूट खणले की पाणी. त्यामुळे पहिल्या महायुद्धात तिथे खोल खंदक खणताच येईनात. पोत्यांत माती भरून, आपण शेताला घालतो तसे उंच बांध घालायचे आणि त्यांच्या आड उभे राहायचे. पूर्वेला ओबेरचा उंचवटा आहे. आपण त्याला टेकडी म्हणणार नाही, फार तर माळ म्हणू. गावापेक्षा जेमतेम चाळीस-पन्नास फूट वर. पण सगळे सपाट असले की तेवढ्यावरूनही सगळे दिसते. माळावर जर्मन होते, खाली चिखलात इंग्रजांच्या फौजेतून लढणारी आपली माणसे. त्या माळामागे लिल शहर, म्हणून या कोपऱ्यासाठी एवढी झटापट.

1914 च्या ऑक्टोबरअखेर जर्मनांनी गाव घेतले. ते परत घ्यायला 28 ऑक्टोबरला 47वी शीख पलटण आणि तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या पाठवल्या गेल्या. हे सॅपर्स खडकीचे, पुण्याच्या खडकीचे. आज ज्यांना आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो, तेच. त्यांत मराठे होते, शीख होते, पंजाबी मुसलमान होते. हे सुतार, लोहार, गवंड्यांच्या हातचे लोक. पूल बांधायचे, बांध घालायचे, तार ओढायची, हे त्यांचे काम. पायदळ कमी पडले म्हणून त्यांच्या हाती संगिनी देऊन त्यांना गल्ल्यांत घातले. घराघरातून लढत ते पार गावात शिरले. मागून कुमक आली नाही आणि घेतलेले गाव सोडून उरलेल्यांना माघारी यावे लागले. ज्या मुलखात बांध घातल्याशिवाय उभे राहता येत नाही, तिथे बांध घालणारेच एका दिवसात खर्ची घातले. शौर्याच्या गोष्टींत हा हिशेब सांगितला जात नाही.

पुढचे पुस्तकांत आहे. 10 मार्च 1915 ला सकाळी 35 मिनिटे तोफा धडधडल्या, मग इंग्रज आणि हिंदी पलटणी पुढे गेल्या आणि दुपारच्या आत गाव हाती आले. त्या दिवशी पडलेल्या गढवाल रायफल्सच्या गबर सिंह नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढचे तीन दिवस मात्र माळ काही हाती आला नाही. गावाचा विटामातीचा ढीग झाला. आज दिसते ते सगळे युद्धानंतर पुन्हा बांधलेले आहे.

गावाबाहेरच्या चौकात 1927 साली हिंदी सैनिकांचे स्मारक उभे राहिले. आपले जुने संसद भवन रचणाऱ्यांपैकी एक, हर्बर्ट बेकर, त्याचा रचनाकार. अशोकस्तंभाच्या धाटणीचा सुमारे 15 मीटरचा खांब, पायाशी दोन वाघ, भोवती गोल भिंत, आणि ज्यांना कबर मिळाली नाही अशा 4,700 हून अधिक जणांची नावे. सॅपर्सच्या रकान्यासमोर मी पाऊण तास उभा होतो. नावे इंग्रजीत आहेत, पलटणीच्या कारकुनाला जशी ऐकू आली तशी. नोंदवह्यांत काहींच्या पुढे बापाचे नाव, गाव, जिल्हा आहे. पण कुणाचे आडनाव गळाले आहे, कुणाच्या गावाचे स्पेलिंग असे की दोनदा मोठ्याने वाचल्यावर ओळख पटावी.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी आहे. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले, असा इंग्रजी मजकूर. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत अशा फरश्या आहेत. त्यांवर आकडे आहेत, नावे नाहीत. आमच्या फरशीवर तर दर वर्षीच्या चुन्याने आकडेही बुजत आलेत. म्हणजे नावे तिकडे चिखलाच्या देशात, आकडे इकडे, आणि दोन्हींची गाठ कुणी घातलेली नाही.

एका सरकारी कार्यालयात मी हे बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "पेन्शनची केस आहे का?"

केस नाही. मागणी एवढीच, की नव्ह-शापेलच्या नोंदींतली आपल्याकडची नावे आणि गावे देवनागरीत उतरवावीत. गावांची खरी नावे तलाठ्यांना आणि जुन्या जाणत्यांना विचारून ठरवावीत, आणि ज्या त्या ग्रामपंचायतीला तिची यादी पाठवावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेतच. महाविद्यालयातली इतिहासाची मुले मदतीला घेतली तर खर्चही फार येणार नाही. स्मारक नको, समारंभ नको. यादी हवी.

आमच्या गावचे कुणी त्या भिंतीवर आहे का, हे मला अजून माहीत नाही. फरशीखाली दोन हात भिंत कोरी आहे, ती यंदा रंगवू नका असे सरपंचांना सांगून ठेवले आहे.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक