कोसळले नव्हे, आदळले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर 'प्रशिक्षणार्थी विमान कोसळले' असे चार कॉलमी शीर्षक होते. खालच्या फोटोत विमान धावपट्टीच्या कडेला नाक टेकून, शेपूट वर करून उभे. दोन्ही पंख शाबूत. शिकाऊ पायलट स्वतःच्या पायांनी उतरून गेला, हे आपल्याच बातमीत शेवटच्या ओळीला. एकतीस वर्षे मी एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये सेस्ना १५२ची दुरुस्ती केली. कोसळलेले विमान असे दिसत नाही.

सेस्ना १५२ म्हणजे दोन माणसांचे, भरून साडेसातशे किलोचे विमान. उतरताना वेग जास्त राहिला की चाके टेकून ते पुन्हा उसळते. दोनतीन फूटच, पण नवशिक्या घाबरतो आणि कंट्रोल पुढे ढकलतो. मग नाकाचे चाक आधी आपटते, दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होते, तिसरी त्याहून. आम्ही त्याला बेडूकउड्या म्हणायचो. तिसऱ्या उडीला बहुतेक नाकाचा पाय मोडतो आणि पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, जमिनीला घासतो. पंखा घासला की बाहेरून कितीही धड दिसले तरी इंजिन खोलावेच लागते. यावर उपाय एकच: पहिल्याच उसळीला फुल पॉवर देऊन वर जायचे आणि फेरी मारून परत यायचे. इन्स्ट्रक्टर रोज घसा फोडून हेच सांगतात. एकटे असताना ऐन वेळी आठवले तर ठीक.

मी पत्र लिहितोय ते मात्र वेगळ्याच कारणासाठी. नव्वदच्या दशकातली एक सकाळ आहे. सात वाजता एका मुलीचे सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उडणे, होते. मी टॉर्च घेऊन विमानाखाली वाकलो, तर इंजिनामागच्या पत्र्याला, ज्याला आम्ही फायरवॉल म्हणतो, बोटाला लागेल अशी सुरकुती, म्हणजे विमान जोरात आपटल्याची खूण. शेजारी पत्रे जोडणाऱ्या दोन रिव्हेटांभोवती काळे ओघळ. रिव्हेट सैल झाला की घासून अशी काळी पूड सुटते. आदल्या संध्याकाळच्या नोंदीत तक्रारीच्या रकान्यात 'निल', म्हणजे काही नाही. विमान मी तिथेच थांबवले. दुपारी एक मुलगा चहाचा ग्लास घेऊन आला. "काका, काल माझ्याकडून जरा जोरात बसलं." का नाही लिहिलेस, विचारले. म्हणाला, वडिलांनी शेत गहाण ठेवलंय, गावात कळलं तर काय म्हणतील?

तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाइल नव्हते. आता कुंपणाबाहेर कोणी ना कोणी व्हिडिओ काढतच असतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण नाव, गाव, वय छापता. असे छापून येणार म्हटल्यावर पुढचा मुलगा 'निल' लिहिणारच.

सगळ्यावर पांघरूण घाला, असे मी म्हणत नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात सोलोवर निघालेल्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनीचे विमान पडले, तिथे 'कोसळले' चालेल. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन विमाने पडली, तेव्हा देखभालीवर प्रश्न विचारले गेले ते रास्तच होते. पण विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या अहवालात सुरुवातीलाच छापलेले असते की चौकशी दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नाही, पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे. तो अहवाल येतो तोवर बातमी शिळी झालेली असते. तो आला की आतल्या पानावर का होईना, चार ओळी द्या. आणि जिवाला धोका नसेल तिथे मुलाचे नाव गाळा, एवढेच.

आपला,
एक निवृत्त एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, पुणे

ता. क. फोटोओळीत त्या विमानाला 'जेट' म्हटले आहे. पुढचा वाकलेला पंखा फोटोत स्पष्ट दिसतो; जेटला असा पंखा नसतो.