‘मूळ हॉबगॉब्लिन’ संचात उलगड्याचाच भाग नाही : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘मूळ हॉबगॉब्लिन, आरंभ ते उलगडा’ म्हणून विकलेल्या कॉमिक्स संचात शेवटचा भाग नसणे व सोबतच्या माहितीपत्रकात चुकीची माहिती असणे.

महोदय / महोदया,

स्पायडरमॅनच्या कॉमिक्समधला मुखवटाधारी खलनायक हॉबगॉब्लिन नेमका कोण, या रहस्यकथेचा वरील संच मी आपल्या संकेतस्थळावरून ४,८५० रुपये आगाऊ भरून मागवला. खोका वेळेवर आला. पुस्तके कोरी होती, बांधणी चांगली होती, एकही कोपरा दुमडलेला नव्हता. त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या एका गोष्टीसाठी हा संच घ्यावा, तीच त्यात नाही, आणि तिच्या जागी आपल्या माहितीपत्रकात एका निरपराध पात्राचे नाव गुन्हेगार म्हणून छापले आहे.

आपल्या प्रतिनिधींशी मी दूरध्वनीवर बोललो, नंतर ई-मेलही केला. मला दोन उत्तरे मिळाली. एक असे, की १९८७ च्या अंकात हॉबगॉब्लिन कोण ते सांगितले आहे, म्हणजे उलगडा झाला, म्हणजे संच पूर्ण आहे. दुसरे असे, की तरीही मी नाराज असेन तर २०१० नंतरच्या कथांचा एक खंड मोफत पाठवू, कारण ‘त्यातही हॉबगॉब्लिनच आहे’. ही दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. का नाहीत ते सविस्तर लिहितो, कारण हा संच ज्यांनी तयार केला त्यांनी या कथा सलग वाचलेल्या दिसत नाहीत.

‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २३८ व्या अंकात, मार्च १९८३ मध्ये, हॉबगॉब्लिन पहिल्यांदा आला. लेखक रॉजर स्टर्न, चित्रकार जॉन रोमिता ज्युनियर. त्याआधी स्पायडरमॅनचा जुना शत्रू ग्रीन गॉब्लिन याचा मुखवटा तीन जणांनी वापरून झाला होता : नॉर्मन ऑसबर्न, त्याचा मुलगा हॅरी आणि हॅरीवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ बार्ट हॅमिल्टन. नॉर्मन १९७३ मध्ये मेला होता. त्याला उठवायचे नाही, हॅरीला पुन्हा वेड लावायचे नाही, आणि तरी गॉब्लिनच्या तोडीचा शत्रू हवा, या अडचणीतून स्टर्न यांनी वाट काढली. बँक लुटून पळालेला एक चोर गटारातून ऑसबर्नच्या गुप्त अड्ड्यावर पोहोचतो आणि ती खबर एका अनोळखी माणसाला विकतो. तो माणूस चोराला ठार करतो, सगळी सामग्री घेतो, पोशाखाचा रंग बदलतो, खांद्यावर केशरी झूल चढवतो आणि नवे नाव धारण करतो. चेहरा अंधारात. वाचकाला एवढेच कळते, की हा कोणीतरी हुशार, पैसेवाला आणि अत्यंत सावध माणूस आहे. (याच अंकासोबत अंगावर उमटवायच्या रंगीत चित्रांचा एक कागद फुकट मिळत असे. संग्राहक आजही जुनी प्रत घेताना तो कागद आत आहे का हे आधी बघतात. आपण संग्राहकांना माल विकता, म्हणून सांगितले.)

त्या माणसाची सावधगिरी हीच या कथेची खरी गंमत आहे. ताकद वाढवणारे रसायन सापडते, पण ते प्यायल्याने ऑसबर्नला वेड लागले होते हे त्याला माहीत असते. म्हणून तो आधी लेफ्टी डोनोवन नावाच्या गुंडावर प्रयोग करतो, त्याला हॉबगॉब्लिनच्या वेषात स्पायडरमॅनसमोर धाडतो आणि तो तोंड उघडेल असे दिसताच त्याला मारून टाकतो. म्हणजे नाव घेतल्यावर वर्षही उलटले नव्हते, तेव्हाच ते त्याने दुसऱ्याच्या अंगावर चढवून पाहिले होते. पुढे मे १९८६ च्या २७६ व्या अंकात पीटर पार्करचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनचा, जुना वर्गमित्र फ्लॅश थॉम्पसन याला हाच वेष चढवून जगासमोर हॉबगॉब्लिन म्हणून उभे केले जाते. वेषात जो सापडतो तो गुन्हेगार नसतो, हा या कथेचा पहिला धडा. आपल्या माहितीपत्रकात थॉम्पसनचे नाव ‘इतर हॉबगॉब्लिन’ या मथळ्याखाली आहे. ज्याला अडकवले गेले तोही ‘इतर हॉबगॉब्लिन’?

स्टर्न यांनी १९८४ मध्ये मालिका सोडली आणि रहस्य अर्धवट राहिले. सूत्रे लेखक टॉम डिफाल्को आणि चित्रकार रॉन फ्रेन्झ यांच्याकडे गेली, पुढे तेही बाजूला झाले. ज्याला उत्तर ठाऊक होते तो निघून गेलेला आणि मागे राहिलेल्यांची मते वेगळी, अशा स्थितीत १९८७ उजाडले. त्या वर्षी स्पायडरमॅन आणि वुल्व्हरिन यांच्या एका विशेषांकात ‘डेली ब्यूगल’चा बातमीदार नेड लीड्स बर्लिनमध्ये मारला जातो. त्यानंतर जूनच्या २८९ व्या अंकात, पीटर डेव्हिड यांच्या लेखणीतून कळते, की हॉबगॉब्लिन तो लीड्सच होता, त्याचा काटा जेसन मॅकेन्डेल या दुसऱ्या खलनायकाने ‘फॉरेनर’ नावाच्या मारेकऱ्याकरवी काढला, आणि आता हॉबगॉब्लिन म्हणजे मॅकेन्डेल. आपला संच इथे संपतो. आपण याला उलगडा म्हणता.

तेव्हाही अनेक वाचकांना हे पटले नव्हते. ज्या हॉबगॉब्लिनने स्पायडरमॅनशी बरोबरीने झुंज दिली, ज्याच्या अंगात रसायनाची ताकद होती, त्याला साध्या चार मारेकऱ्यांनी लोळवावे कसे? एवढ्या सावध माणसाचा शेवट पडद्याआड, दोन कथांच्या मधल्या फटीत व्हावा कसा? स्टर्न यांनाही तो शेवट मान्य नव्हता, कारण त्यांनी पहिल्यापासून दुसराच माणूस मनाशी धरला होता. दहा वर्षांनी, १९९७ मध्ये, ते फ्रेन्झ यांच्यासह परत आले आणि तीन अंकांत त्यांनी आपल्या रहस्याचे उत्तर दिले. तेच तीन अंक आपल्या संचात नाहीत.

त्या तीन अंकांत काय आहे ते लिहितो, म्हणजे काय गहाळ आहे हे आपल्या ध्यानात येईल. मॅकेन्डेलवर खटला चालू आहे आणि भर न्यायालयात तो सांगतो की आपल्या आधीचा हॉबगॉब्लिन नेड लीड्स होता. मेलेल्या बातमीदाराची अब्रू शहरभर निघते. त्याची विधवा बेटी ब्रँट हे निमूट सोसत नाही, ती जुने धागे पुन्हा तपासू लागते. आणि कोठडीत मॅकेन्डेलसमोर खरा हॉबगॉब्लिन येऊन उभा राहतो, त्याला तुच्छतेने ठार मारतो आणि निघून जातो. शेवटी मुखवटा उतरतो तेव्हा आत असतो रॉडरिक किंग्जली, फॅशनच्या धंद्यातला लबाड धनिक. स्टर्न यांनी त्याला १९८० मध्येच कथेत आणून ठेवले होते. लीड्सला त्याने पकडून, त्याच्या मनाचा ताबा घेऊन, आपल्या जागी वापरले होते. नवरा गुन्हेगार नव्हता हे बेटीला अखेर कळते. लीड्स १९६४ पासून या मालिकेत होता, त्याचे आणि बेटीचे लग्न वाचकांनी १९७६ मध्ये पाहिले होते. इतक्या जुन्या पात्रावरचा डाग तिथे पुसला जातो. आपल्या संचात तो डाग तसाच आहे, आणि माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ‘हॉबगॉब्लिन म्हणजे नेड लीड्स’ असे ठळक अक्षरांत छापून आपण तो पक्का केला आहे.

हा संच मी माझ्या आठवीतल्या भाचीसाठी घेतला होता. मला उत्तर माहीत होते, तिला नव्हते. तिने ते स्वतः शोधावे एवढीच माझी इच्छा होती. ती वहीत संशयितांची यादी करत वाचत होती. २४९ व्या अंकापाशी तिने किंग्जलीच्या नावावर काट मारली, कारण तिथे किंग्जली आणि हॉबगॉब्लिन एकाच खोलीत दिसतात. अगदी बरोबर केले तिने. स्टर्न यांना वाचकाने नेमके हेच करायला हवे होते. किंग्जलीला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा डॅनियल नावाचा भाऊ आहे आणि तो त्याच्या जागी वावरतो, हे १९९७ मध्ये कळते, आणि मग वाचक धावत जाऊन २४९ वा अंक पुन्हा उघडतो. तो आनंद आपण तिच्याकडून काढून घेतलात. आधी पत्रकाने तिला नाव सांगून टाकले आणि ते नावही खोटे. ‘मामा, मग त्या बर्लिनच्या लोकांनी त्याला इतक्या सहज कसं मारलं?’ हा प्रश्न तिला आपोआप पडला. तिच्या प्रश्नाचे उत्तर असलेले पुस्तक आपण खोक्यात घातलेले नाही.

दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, ‘सर, नाव एकच आहे, ड्रेस एकच आहे, मग कोण होता याने काय फरक पडतो?’ त्या सौजन्याने बोलल्या, त्यांच्यावर माझा राग नाही. पण फरक पडतो. आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचला. तिथेही नाव आणि वेष पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात, आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. पण तिथे मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि बापाचे काम पुढे नेतो. जंगलातल्या लोकांनी त्याला एकच अमर माणूस समजावे असाच त्यात हेतू आहे. हॉबगॉब्लिनचे नाव कोणी कोणाला दिलेले नाही. किंग्जलीने मेलेल्याचा अड्डा लुटला, लीड्सवर ते लादले, मॅकेन्डेलने खून करवून ते बळकावले, आणि किंग्जलीने मॅकेन्डेलला मारून परत घेतले. नावामागे कोण लपला हाच इथे प्रश्न आहे. सगळ्यांना एका नावाखाली एक केले की कथाच उरत नाही.

मॅकेन्डेलबद्दलही पत्रकात घोळ आहे. तो आधी जॅक ओ’लँटर्न या नावाने वावरत होता. पुढे त्याने सैतानाशी सौदा केला आणि त्यातून डेमोगॉब्लिन हे वेगळेच भूत निपजले. हे सारे आपण ‘मूळ हॉबगॉब्लिनचे कारनामे’ या चौकटीत घातले आहे. मूळ हॉबगॉब्लिनने असला सौदा कधीच केला नसता. तो आपल्या जिवाला जपणारा माणूस होता.

आता मोफत देऊ केलेल्या खंडाबद्दल. त्यातला हॉबगॉब्लिन आहे फिल युरिक, बातमीदार बेन युरिकचा पुतण्या. हा मुलगा नव्वदच्या दशकात काही काळ चांगल्या बाजूचा ग्रीन गॉब्लिन होता. २०१० मध्ये तो किंग्जलीला मारून हॉबगॉब्लिन बनतो, आणि पुढे कळते की मेला तो डॅनियल होता, रॉडरिक जिवंत आहे. परतल्यावर रॉडरिक तर खलनायकांची जुनी नावे आणि वेष दुसऱ्यांना वापरायला देऊन त्यांच्या लुटीत वाटा घेण्याचा धंदाच मांडतो. या कथा मला आवडतात. पण १९९७ चे तीन अंक वाचल्याशिवाय हा खंड माझ्या भाचीला दिला, तर किंग्जली कोण आणि त्याच्या मरण्याचे एवढे काय, हे तिला कळणार नाही. शिवाय डॅनियलचे गुपितही त्याच्या शेवटी फुटेल. कृपया तो पाठवू नये.

माझी मागणी अशी आहे. १९९७ च्या तीन अंकांची कथा असलेले पुस्तक आपण स्वखर्चाने मला पाठवावे. ते आपल्याकडे उपलब्ध नसेल, तर संच परत घेऊन पूर्ण रक्कम, नेण्याआणण्याच्या खर्चासह, मूळ खात्यात जमा करावी. संकेतस्थळावरच्या वर्णनातले ‘आरंभ ते उलगडा’ हे शब्द तोपर्यंत काढावेत, म्हणजे आणखी कोणी फसणार नाही. आणि माहितीपत्रक दुरुस्त करून ज्यांनी हा संच घेतला आहे त्या सर्वांना पाठवावे. नव्या पत्रकात कोणी कोणत्या काळात, कोणत्या अंकापासून कोणत्या अंकापर्यंत हे नाव वापरले ते क्रमाने असावे. रहस्याचे उत्तर मागच्या पानावर, बंद घडीत छापावे, म्हणजे ज्याला नको तो ते उघडणार नाही. मजकूर तपासून द्यायला मी तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. वस्तूचे दिशाभूल करणारे वर्णन हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचा विषय आहे. मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि गरज पडल्यास जिल्हा आयोगाकडे जाईन. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मराठी घरांत या कथा पोहोचवणारी दुकाने थोडी आहेत आणि आपले चालावे असे मला वाटते.

भाचीला वार्षिक परीक्षेनंतर सुट्टी लागते. पुस्तक त्याआधी मिळावे.

कळावे.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत.)

सोबत : पावतीची प्रत, संकेतस्थळावरील वर्णनाचे छायाचित्र, चुका लाल शाईने खुणावलेले माहितीपत्रक.