‘रक्त गळणारी कबर’ आणि चुन्याचा गिलावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट कबरस्तानातल्या भुतांवर लेख आला. पावसाळ्यात रक्त गाळणारी डेनिसन कुटुंबाची कबर, फोटोत उमटणाऱ्या पांढऱ्या सावल्या, आत गेल्यावर येणारी भोवळ, सगळे रंगवून सांगितले आहे. जुन्या चुनाकामाशी आमचा रोजचा संबंध असल्याने हे लिहावेसे वाटले.

हे कबरस्तान २५ ऑगस्ट १७६७ रोजी सुरू झाले. सेंट जॉन्स चर्चजवळची जुनी जागा भरली होती, म्हणून गावाबाहेर दलदलीच्या कडेला ही जागा घेतली. पार्क स्ट्रीटला तेव्हा बरिअल ग्राउंड रोडच म्हणत. शेजारचा सर्क्युलर रोड १७४२ साली बर्गींच्या, म्हणजे आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजेच्या धास्तीने खोदायला घेतलेल्या मराठा खंदकाच्या रेषेवर आखलेला आहे. सात मैलांचा खंदक योजला होता, तीन मैल होऊन काम थांबले. मराठे तिथवर पोचलेच नाहीत. इथे पुरलेल्या अनेकांना मारले ते तापाने आणि पटकीने. रोझ एल्मर ही इंग्रज तरुणी विशीत गेली (१८००), कवी डेरोझिओ बाविसाव्या वर्षी पटकीने (१८३१), ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारे विल्यम जोन्स सत्तेचाळिसाव्या वर्षी (१७९४). एवढी तरुण माणसे आणि त्यांच्यावर एवढे उंच मनोरे, पिरॅमिड, घुमट्या असल्यावर दंतकथा जन्मणारच. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार ‘रक्ता’बद्दल आहे. ही थडगी दगडाची दिसतात, पण बहुतेक विटांची आहेत. वीट चुना-सुरखीत बसवलेली आणि वरून चुन्याचा गिलावा. सुरखी म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. गिलाव्याला भेग गेली की पावसाचे पाणी आत मुरते, वीट आणि सुरखी धुऊन काढते आणि खालच्या दरजेतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यातून, लालसर ओघळ येतो. दुसरे कारण शेवाळाचे. ट्रेंटेपोहलिया नावाचे शेवाळ हिरव्या शेवाळांच्या कुळातले, पण त्यातल्या रंगद्रव्यामुळे भगवे-तांबडे दिसते. कोकणात आणि गोव्यात ओल्या भिंतींवर, झाडांच्या खोडांवर ते पावसाळ्यात सर्रास दिसते. २००१ साली केरळात ‘लाल पाऊस’ पडला, त्याचा रंग याच्याच बीजाणूंचा निघाला. दोन्हींतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खाली गळून पडलेला तुकडा बोटांत चोळा. खरखरीत लागले तर सुरखी, मखमलीसारखे लागून डाग पडला तर शेवाळ. भिंत मात्र खरवडू नका.

फोटोतल्या सावल्या फ्लॅशच्या आहेत. भिंगाच्या अगदी जवळचे धुळीचे आणि बाष्पाचे कण उजळतात. फ्लॅश बंद केला की भूत जाते.

खरे भय सिमेंटचे आहे. भेग दिसली की सिमेंट थापायचे ही आपल्याकडचीही सवय. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती कोंडते. मग ओल वर चढते, क्षार मागच्या बाजूला साठतात, लोणा लागतो, म्हणजे क्षाराने वीट भुरभुरते, आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटची खपली विटेचा पृष्ठभाग घेऊनच खाली येते. लाल ओघळ मग आधीपेक्षा जास्त. योग्य काम असे: सुटलेल्या दरजा हातछिन्नीने दोनेक सेंटीमीटर खोल मोकळ्या करायच्या, पाणी मारायचे, आणि मुरवलेला चुना एक भाग, सुरखी एक भाग, चाळलेली वाळू एक भाग असा माल दाबून भरायचा. पूर्वी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालत. नंतर निदान दोन आठवडे ओले गोणपाट बांधून ठेवायचे. इथेच बहुतेक कामे फसतात, कारण बिल निघाले की पाणी मारायला कोणी येत नाही. पिंपळ-वडाचे रोप वरून छाटले तर ते जोमाने फुटते आणि ओढून काढले तर विटा घेऊन येते. दरज उघडून मूळ मारावे लागते, मग पोकळी भरावी लागते.

हे न केल्यास काय होते? रस्त्यापलीकडचे नॉर्थ पार्क स्ट्रीट कबरस्तान १९५३ साली सपाट झाले, त्यात कादंबरीकार थॅकरेच्या वडिलांचे थडगेही गेले. दक्षिणेकडच्या कबरस्तानातही चार्ल्स स्टुअर्टच्या थडग्यातल्या मूर्ती चोरीला गेल्या. रोज गंगास्नान करणाऱ्या या ‘हिंदू’ स्टुअर्टचे थडगे देवळाच्या आकाराचे आहे. पुरवणीत भुतासाठी अर्धे पान आणि या माणसासाठी एक ओळही नाही, हे खटकले.

पाहायला जायचे तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी जावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि डास फोडून काढतात. लेखात म्हटलेली भोवळ दमट हवेत उपाशीपोटी फिरल्यानेही येते. झिजलेली अक्षरे वाचायला खडू किंवा तेल चोळू नये, बॅटरीचा झोत बाजूने तिरका टाकावा, अक्षरे आपोआप उठून दिसतात. आणि कोलकाता लांब वाटत असेल, तर सुरतेला इंग्रजांचे कबरस्तान आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा वखार राखणारा जॉर्ज ऑक्झेंडन (मृत्यू १६६९) तिथेच पुरलेला आहे. त्याच्या घुमटावरच्या चुन्यालाही हेच नियम लागू आहेत.

– जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक, पुणे