दोन्ही कान वेगवेगळे तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाळ टाळीला दचकले की ‘ऐकू येते’ म्हणून गावात विषय संपतो. पण एकच कान चांगला असला तरी बाळ दचकतेच. ताट वाजवून केलेल्या तपासणीत दुसरा कान बंद असल्याचे कळत नाही.

आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांची तुलना करून ठरवतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि डोके आड आल्याने थोडा मंद होतो. एवढासा फरक ओळखायला मेंदू पहिल्या काही वर्षांत शिकतो, आणि त्यासाठी दोन्हीकडून आवाज यावा लागतो. तो एकाच कानातून येत राहिला तर मेंदूतली वाट त्याच कानाची होऊन बसते. पुढे दुसऱ्या कानाला मशीन (श्रवणयंत्र) लावले तर आवाज येतो, पण दोघांचा मेळ बसत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे आतल्या कानात बसवायच्या यंत्राच्या, दोन कानांवरील शस्त्रक्रियांत दीड वर्षाहून जास्त अंतर पडले तर हेच होते.

अशा मुलाला मागून येणारी मोटारसायकल कोणत्या अंगाने आली ते उमगत नाही. पावसात टिनाच्या वर्गात बाईंचे बोलणे हरवते आणि शेरा मिळतो, ‘लक्ष नाही’. कुठूनही हाक मारा, मान एकाच बाजूला वळते. आईने एवढे जरी टिपले तरी पुष्कळ. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून तीन महिन्यांत ओसरले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कानात तेल घालू नये.

दोन मशीन मिळूनही एक कपाटात पडलेले असते. कारण बहुधा साधे असते: बाळाचा कान वाढतो, मशीनचा कानात बसणारा साचा सैल होतो, मशीन शिटी मारते आणि घरचे ते काढून ठेवतात. लहान मुलांचा साचा दर तीन ते सहा महिन्यांनी नवा करावा लागतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्या ‘दोन्ही कानां’ची आहे, म्हणून एका कानाने बहिरे मूल तिच्यात बसतच नाही. किमान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडीत डाव्या आणि उजव्या कानाची नोंद वेगळी करावी. जन्मानंतर एक महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार हे वेळापत्रक एका कानालाही लागू आहे. नवजात अतिदक्षता कक्षात राहिलेल्या आणि कावीळ जास्त झालेल्या बाळांची मात्र ओएई चाचणी (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) चांगली आली तरी बेरा चाचणी (आवाज नसेतून मेंदूकडे पोहोचतो का ते पाहणारी) करावीच. कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दोष ओएईत दिसत नाही.

– एक श्रवणतज्ज्ञ, जि. यवतमाळ