मोटारीतला ब्रश कुणाचं आडनाव नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतलं 'ब्रश' या शब्दावरचं टिपण वाचलं. असं सदर चालवता याबद्दल आभारच. पण विजेच्या मोटारीतल्या ब्रशला, म्हणजे तिच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणाऱ्या तुकड्याला, चार्ल्स ब्रश या अमेरिकी संशोधकाचं नाव मिळालं, हे छापण्याआधी कुणीतरी तपासायला हवं होतं.

चार्ल्स ब्रश यांनी डायनॅमो, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रं, आणि विजेवरचे आर्क दिवे बनवले हे खरं, पण आडनाव जुळणं हा योगायोग. सुरुवातीच्या डायनॅमोत फिरत्या कम्युटेटरवर, म्हणजे वीज बाहेर काढून देणाऱ्या गोल भागावर, तांब्याच्या तारांची जुडी टेकवलेली असे, मागून बांधलेली, पुढून मोकळी. दिसायला ब्रशच. फ्रेंचमध्ये याच भागाला 'बाले' म्हणतात, म्हणजे झाडू. मग आडनावाचा संबंध येतो कुठे? या तारांनी कम्युटेटर झिजायचा, ठिणग्या उडायच्या. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्स यांनी तारांऐवजी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. कार्बन मऊ असतो, घासताना वंगणाचंही काम करतो, आणि त्याचा विद्युतरोध तांब्यापेक्षा जास्त असल्यामुळे ठिणग्या कमी होतात. तारा गेल्या, स्प्रिंगने दाबलेला कार्बनचा ठोकळा आला. त्याला एकही केस नाही, तरी नाव ब्रशच राहिलं. सांगण्याजोगी गोष्ट ही होती आणि टिपणात नेमकी तीच नाही.

हातात धरायचा ब्रश इंग्रजीत 14व्या शतकाच्या अखेरीस जुन्या फ्रेंचमधून आला. आजचा फ्रेंच शब्द 'ब्रॉस'. आपण 'ब्रॉसे' छापलंत. तिथे शेवटच्या अक्षराचा उच्चार होत नाही. फ्रेंच शब्दांची ही आबाळ या सदरात वारंवार होते, कृपया जाणकाराला विचारत जा. खुरट्या झुडपांना, काटक्यांनाही इंग्रजीत ब्रशच म्हणतात. तो शब्दही फ्रेंचमधलाच, आणि दोन्हींचं मूळ बहुधा एक, कारण काटक्यांची जुडी बांधली की झाडायचं साधन तयार. मात्र हे 'बहुधा' गाळून चालत नाही. टिपणात ते गाळलं आहे.

झाडूसाठीच्या इंग्रजी 'ब्रूम' या शब्दाशी टिपणात जोडलेलं नातं तर सपशेल चुकीचं. ब्रूम हे पिवळ्या फुलांच्या एका झुडपाचं जुनं इंग्रजी नाव. त्याच्या फांद्यांचे झाडू करत, म्हणून झाडूलाही तेच नाव पडलं. तो शब्द जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन भाषांच्या कुळातला, काटेरी झुडपाच्या 'ब्रॅम्बल' या नावाचा भाऊबंद. नाव पडण्याची रीत सारखी असली तरी कूळ वेगळं.

इंग्रजीत पोलिसांशी 'ब्रश' होणं, म्हणजे खटका उडणं, याचा दात घासण्याशी काय संबंध? त्या अर्थामागे धावून जाणं, मुसंडी मारणं आहे. जुन्या फ्रेंचमध्ये झाडीतून वाट काढत धावण्याला जवळचंच क्रियापद होतं.

विद्यार्थी ही कात्रणं जपून ठेवतात. तेव्हा दुरुस्ती पुढच्या अंकात, त्याच पानावर आणि त्याच आकारात छापावी, ही विनंती.

एक नियमित वाचक