सुट्टीची फाइल आणि ‘हेल्थकेअर लीडर’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या करिअर पुरवणीतला हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवरचा पानभर लेख वाचला. सोबतच्या फोटोत चार विद्यार्थी पांढरे कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हसत उभे आहेत. अॅडमिनिस्ट्रेशनच्या विद्यार्थ्याला स्टेथोस्कोप कशाला लागतो ते फोटो लावणाऱ्यालाच ठाऊक. त्याच्या हातात फाइल हवी होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

लेखात ‘व्हिजन’ आहे, ‘स्ट्रॅटेजी’ आहे, ‘लीडरशिप’ तर परिच्छेदागणिक आहे. ‘डिस्चार्ज’ हा शब्द मात्र अख्ख्या पानात एकदाही नाही. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांच्या कुठल्याही जिन्यावर बसलेल्या नातेवाइकाला विचारा, हॉस्पिटलची व्यवस्था कशावरून कळते? तो सुट्टीच्या, म्हणजे डिस्चार्जच्या, दिवसाबद्दलच बोलेल.

सकाळी साडेदहाला राउंडवर मोठे डॉक्टर ‘आज सुट्टी’ म्हणतात. घरचे पिशव्या भरायला घेतात. पेशंट गडचिरोलीकडचा असला तर दुपारची एसटी धरायचा हिशेब होतो. आणि संध्याकाळी सहाला पेशंट त्याच बेडवर घरचे कपडे घालून, हातातली सुई काढून बसलेला असतो.

मधल्या वेळात काय होतं? डिस्चार्ज समरी, म्हणजे उपचारांचा सारांश, राउंड संपल्यावर लिहायला घेतली जाते. टाइप होऊन येईस्तोवर मोठे डॉक्टर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, शिरलेले असतात, म्हणून सही अडते. सिस्टर उरलेली इंजेक्शनं मोजून फार्मसीला परत पाठवते. फार्मसीत रिटर्नची एंट्री झाल्याशिवाय बिल बंद होत नाही, आणि तिथला माणूस खिडकीवरची गर्दी आधी उरकतो. त्यात एखादा लॅब रिपोर्ट पेंडिंग. हे सगळं पार पडून फाइल बिलिंगला पोचते तेव्हा कळतं की ओटीत वापरलेल्या सामानाचा कागदच तिच्यात नाही.

गुडघा बदलण्याची केस घ्या. वरचा भाग, खालची ट्रे, मधलं प्लास्टिक, अशा प्रत्येक तुकड्याच्या वेष्टनावर लॉट नंबरचं, म्हणजे उत्पादनाच्या खेपेच्या नंबरचं, स्टिकर असतं. ते तिथल्या तिथे काढून ओटी नोट्सवर चिकटवायचं असतं. ओटीत घाईत दोन चिकटवली जातात, तिसरं वेष्टनासकट कचऱ्यात जातं. त्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, बिल बंद करताना. स्टिकर नसलं की टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी येते. मग सप्लायरला फोन, त्याच्याकडून इन्व्हॉइस, त्यावर लॉट नंबर, पुन्हा स्कॅन, पुन्हा अपलोड. दोन तास त्यातच जातात. 2017 मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती सरकारने बांधून दिल्या, तेव्हापासून हा कागद तर आणखीच काटेकोर लागतो. ओटीतून पेशंट बाहेर काढण्याआधी तुकडे आणि स्टिकरं मोजून जुळवायची, एवढाच यावरचा उपाय. मोजायला अर्धं मिनिट लागतं. पण हे काम नेमकं कुणाचं, ते लिहून ठेवलेलं नसतं. लिहून ठेवणं हेच अॅडमिनिस्ट्रेशन, संपादकसाहेब.

उशीर झाला की काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘इन्शुरन्सचं अप्रूव्हल आलं नाही.’ विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे अंतिम मंजुरी 3 तासांत द्यायची आहे, आणि त्याहून उशीर होऊन हॉस्पिटलचा खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा आहे. पण हे 3 तास मोजायचे ते हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासून. डॉक्टरांनी साडेदहाला ‘सुट्टी’ म्हटलं आणि फाइल अपलोड झाली साडेतीनला, तर मधले 5 तास कंपनीच्या खात्यावर कसे टाकता? टीपीएवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मुळीच नाही. एका वेळी विचारता येतील त्या क्वेरी तीन हप्त्यांत विचारण्याची त्यांची खोड जुनीच आहे. तरी आधी आपलं घड्याळ तपासायला काय हरकत आहे?

यातलं गणित चौथीच्या मुलाला जमेल. शंभर बेडचं हॉस्पिटल भरलेलं आहे, पेशंट सरासरी 4 दिवस राहतो, म्हणजे रोज 25 सुट्ट्या. प्रत्येक सुट्टीत 4 तास फुकट गेले तर दिवसाला 100 बेड-तास, म्हणजे 4 बेड रोज नुसते अडलेले. त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर कुणीतरी ‘बेड नाही’ ऐकत असतो.

गर्दीचंही तसंच. सगळ्या राउंड अकरापर्यंत आटोपतात म्हणून बाराला 18 फायली एकदम बिलिंगवर येऊन पडतात. एका फाइलला 20 मिनिटं धरली तर एका टेबलावर शेवटचा पेशंट संध्याकाळी सहाला मोकळा होतो. त्यातल्या 6 फायली सकाळी नऊलाच हातावेगळ्या झाल्या असत्या तर तोच शेवटचा पेशंट चारला सुटला असता. त्यासाठी नवा माणूस लागत नाही की नवं सॉफ्टवेअर. उद्याच्या संभाव्य सुट्ट्यांची यादी आज संध्याकाळच्या राउंडला करायची. समरीचा मसुदा रात्रपाळीच्या आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरने, लिहायचा. औषधं रात्रीच परत करायची आणि सकाळचा डोस तेवढा ठेवायचा. अंतरिम बिल नातेवाइकांना आदल्या दिवशी दाखवायचं, म्हणजे ग्लोव्हज आणि डायपरचे पैसे विम्यात बसत नाहीत यावरून सुट्टीच्या दिवशी काउंटरवर भांडण होत नाही. यादीतल्या दोन-तीन पेशंटांना रात्री ताप येईल आणि त्यांची सुट्टी रद्द होईल. होऊ द्या. तेवढे मसुदे वाया गेले तरी परवडतं.

हे पदवीत शिकवत नाहीत का? शिकवतात, पण ‘क्यूइंग थिअरी’ (रांगांचं गणित) या नावाने, फळ्यावर आणि दहा मार्कांसाठी. इंटर्नशिपला आलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी रिसेप्शनजवळ खुर्ची देतात. तो ‘पेशंट सॅटिस्फॅक्शन’ची प्रश्नावली भरून घेतो, पाय-चार्ट काढतो, स्पायरल बाइंडिंग करून निघून जातो. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, हॉस्पिटल व्यवस्थापन हा विषय डॉक्टरांसाठी एमडीला आहे, मुंबईच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, त्याचीच एमएचए ही पदव्युत्तर पदवी आहे. म्हणजे विषय हलका नाही, हलका केलेला आहे. पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याला महिनाभर वॉर्डात उभं करा आणि 50 फायलींमागे घड्याळ घेऊन फिरवा. प्रत्येक टेबलावर फाइल किती वाजता आली, किती वाजता गेली, एवढंच लिहू द्या.

परीक्षेतही जरा उपयोगाचं विचारा. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7 घनमीटर प्राणवायू असतो. मिनिटाला 60 लिटर ओढणाऱ्या पेशंटला तो किती पुरेल? दोन तासांहून थोडा कमी. हे ज्याला तोंडी सांगता येत नाही त्याच्या हातात रात्रीचं हॉस्पिटल कसं सोपवायचं? भंडारा आपल्यापासून काही फार लांब नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्यानंतर सगळीकडे फायर ऑडिटचे कागद झाले. पण रात्री तीनला धूर दिसला तर कुठलं दार उघडायचं आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हे किती अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष करून घेतात?

आणखी एक. ज्या संस्थेचं लेखात तीनदा कौतुक आहे, तिचीच अर्धं पान जाहिरात मागच्या पानावर आहे. लेख जाहिरातीचा भाग असेल तर वर तसं छापा. आम्ही रागावणार नाही, पान उलटू.

नसेल, तर पुढच्या पुरवणीत फीच्या तक्त्यात दोन रकाने वाढवा. एकात विद्यार्थी किती आठवडे प्रत्यक्ष वॉर्डात, ओटीच्या बाहेर आणि बिलिंगवर असतो ते द्या. दुसऱ्यात, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी हॉस्पिटलची रात्रपाळी सांभाळली आहे ते. स्टेथोस्कोपचा फोटो मग तसाच राहू द्या.

आपला,
एक निवृत्त बिलिंग इन्चार्ज, नागपूर